अंतर विचारावं ते तासांत



बीडच्या बसस्थानकावर कुणालाही विचारा, "मुंबई किती लांब?" उत्तर किलोमीटरमध्ये यायचं नाही. "रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसा, उजाडता उतराल." आपली माणसं अंतर तासांत सांगतात. हे अडाणीपणाचं नाही, शास्त्राला धरून आहे.

मुंबई आणि न्यूयॉर्क हे दोन विमानतळ घ्या. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतं, वाट अरबस्तान, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जात असेल. घरी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो उत्तरेला चढतो, आइसलंडवरून जातो आणि मग न्यूयॉर्कला उतरतो. कागद सपाट, पृथ्वी गोल. हे अंतर भरतं सुमारे 12,500 किलोमीटर, आणि थेट विमानाला लागतात जवळपास 16 तास. परतताना मात्र वेळ कमी लागतो. कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा लोंढा वाहतो. जाताना तो छातीवर, येताना पाठीवर.

याच वाऱ्याचा हिशेब करून एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढली, प्रवास मात्र दोनेक तासांनी घटला. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे घाटाऐवजी वळशाने जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हरला वेगळं सांगायला नको.

आता जमिनीवर या. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर, 19 अंशांवर आहेत. हवाई अंतर जेमतेम 300 किलोमीटर, रस्त्याने 400 च्या घरात. त्याला आठ तास धरा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं. म्हणजे बीडचा विद्यार्थी न्यूयॉर्कला निघाला, की मुंबईची धावपट्टी सुटेपर्यंतच 11 तास संपलेले असतात. 12,500 किलोमीटरला 16 तास, आणि 300 किलोमीटरला 11!

हे तास कमी करू पाहणारी अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वे 1995 साली मंजूर झाली. बीडच्या फलाटावर प्रवासी गाडी लागली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मधल्या 30 वर्षांत ना पृथ्वी मोठी झाली, ना वारा आडवा आला. त्या वाटेवर डोंगर एकच होता, कागदांचा.

दोन विमानतळांमधलं अंतर निसर्गाने ठरवलं आहे, त्यावर आपली सत्ता नाही. आपल्या उंबरठ्यापासून विमानतळापर्यंतचे तास मात्र माणसांनी ठरवलेले असतात, आणि माणसांना जाब विचारता येतो. म्हणून उद्या कुणी या व्यासपीठावर येऊन विमानतळाचं, महामार्गाचं आश्वासन देऊ लागला, तर त्याला कोटी आणि किलोमीटर विचारू नका. बसस्थानकावरच्या माणसासारखं साधं विचारा: माझ्या दारापासून किती तास?