मोजदाद आणि माणूस : दिव्यांगांच्या आकडेवारीविषयी थोडे विचार

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च व ताळेबंद आपल्यासमोर ठेवण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. तो छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. आज अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने मी एका निराळ्या हिशेबाविषयी बोलणार आहे. आपल्या देशात, राज्यात आणि या वाशिम जिल्ह्यात दिव्यांग व्यक्ती किती आहेत, त्यांची मोजदाद कशी होते आणि त्या मोजदादीचा उपयोग काय, हा तो विषय होय. मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु खतावणीत ज्याचे खातेच उघडलेले नाही त्याच्या नावे रक्कम जमा होत नाही, हा आमच्या विद्येचा पहिला धडा या विषयाला तंतोतंत लागू पडतो.

हा हिशेब जुना आहे. १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत अंध, मूकबधिर, वेडसर व कुष्ठरोगी अशा रकान्यांत माणसांची नोंद होत असे. त्या काळी वाशिम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोला जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला. १९४१ पासून जनगणनेतील हे रकानेच बंद झाले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५१, १९६१ व १९७१ या तिन्ही जनगणनांत हा प्रश्न विचारला गेला नाही. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते, म्हणून त्या वर्षी तो पुन्हा आला. परंतु पूर्णतः अंध, पूर्णतः पंगू व पूर्णतः मुके एवढ्यांचीच नोंद झाली. संपूर्ण देशातून आकडा आला सुमारे ११ लाख १९ हजार. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने निराळ्या व्याख्येने विचारणा केली, तेव्हा सुमारे १ कोटी २० लाख व्यक्ती आढळल्या. देश तोच, वर्ष तेच, आणि उत्तरात दहापटीहून अधिक अंतर! १९९१ च्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा वगळला गेला.

२००१ साली मात्र पाच प्रकार धरून सर्व घरांत विचारणा झाली व २ कोटी १९ लाख दिव्यांगांची नोंद झाली. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आल्यामुळे, आपल्या सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा म्हणून या प्रश्नाचे उत्तर त्याच जनगणनेत प्रथम नोंदले गेले. २०११ साली प्रकार आठ झाले व देशाची संख्या २ कोटी ६८ लाखांवर गेली. महाराष्ट्राची संख्या १५ लाख ६९ हजारांवरून २९ लाख ६३ हजारांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेली. उत्तर प्रदेशाच्या खालोखाल आपले राज्य दुसऱ्या क्रमांकावर आले.

येथे लेखापालाची नजर उपयोगी पडते. २००१ मध्ये दृष्टिबाधितांची संख्या १ कोटी ६ लाख होती. २०११ मध्ये ती ५० लाख ३२ हजार झाली. उलट श्रवणबाधितांची संख्या १२ लाख ६१ हजारांवरून ५० लाख ७१ हजारांवर गेली. दहा वर्षांत देशाचे डोळे निम्म्याने सुधारले आणि कान चौपटीने बिघडले, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो हास्यास्पद ठरेल. २००१ मध्ये एका डोळ्याने पाहू शकणाऱ्या व्यक्तीस दिव्यांग धरले होते, २०११ मध्ये धरले नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांस आधी धरले नव्हते, नंतर धरले. विचारण्याची रीतही सुधारली. ताळेबंदाखालच्या टिपा न वाचता नफातोटा सांगू नये, असे आम्हांस शिकवतात. जनगणनेच्या आकड्यांचेही तसेच आहे. शिवाय २०११ च्या आकड्यांत ४९ लाखांहून अधिक व्यक्ती केवळ ‘इतर’ या रकान्यात आहेत. आमच्या हिशेबात किरकोळ खर्चाच्या सदरात पाचवा हिस्सा रक्कम दिसली, तर लेखापरीक्षक सही करणार नाहीत.

आता वाशिमकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६० आहे. राज्याच्या एकूण संख्येवरून निघणारे शेकडा २.६४ हे प्रमाण धरले, तर जिल्ह्यात सुमारे ३१ हजार ६०० दिव्यांग असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जगासाठी शेकडा १६ हे प्रमाण सांगितले. ते धरले तर हाच आकडा १ लाख ९१ हजारांवर जातो. हे दोन्ही आकडे केवळ त्रैराशिकाने काढलेले आहेत, कोणी घरोघरी जाऊन मोजलेले नाहीत, हे मी स्पष्ट करतो. परंतु या दोहोंमधील दीड लाखांहून अधिक माणसे कोण, याचा विचार करावा. मोतीबिंदूमुळे चूल पेटवताना चाचपडणारी आजी, ऐकू कमी येते म्हणून ग्रामसभेत जाणे सोडून दिलेले आजोबा, सांध्यांच्या दुखण्यामुळे शेतात जाऊ न शकणारी पन्नाशीची बाई, वर्गात मागे पडणारा म्हणून शाळा सोडलेला मुलगा. यांना घरात कोणी दिव्यांग म्हणत नाही. ‘वय झाले’, ‘नशीब’, ‘लक्ष नाही’ असे म्हणतात. २०११ च्या जनगणनेतच ऐंशी वर्षांवरील व्यक्तींत दिव्यांगतेचे प्रमाण शेकडा ८ हून अधिक आढळले, यावरून वार्धक्याचा भाग किती मोठा आहे ते कळते.

म्हणूनच प्रश्न कसा विचारला जातो याला महत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये स्थापन केलेल्या वॉशिंग्टन गटाने सहा साधे प्रश्न तयार केले आहेत. चष्मा लावूनही पाहण्यास अडचण येते का? श्रवणयंत्र लावूनही ऐकण्यास? चालण्यास वा पायऱ्या चढण्यास? लक्षात ठेवण्यास वा चित्त एकाग्र करण्यास? स्नान, कपडे घालणे यांसारख्या स्वतःच्या कामांत? आपले म्हणणे दुसऱ्यास समजावण्यात आणि दुसऱ्याचे समजून घेण्यात? उत्तरे चार : अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, मुळीच जमत नाही. या प्रश्नांत अपंग वा दिव्यांग हा शब्द कोठेही येत नाही, आणि तेच त्यांचे बळ आहे. ‘तुमच्या घरात कोणी दिव्यांग आहे का?’ असे ओसरीवर उभे राहून विचारले, तर लग्नाची मुलगी घरात असलेला बाप ‘नाही’ म्हणतो. ‘मुलीला चालताना अडचण येते का?’ असे विचारले, तर तोच बाप मन मोकळे करतो.

या हिशेबाची तिसरी वही म्हणजे प्रमाणपत्रांची. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्नायूंचा ऱ्हास, अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. सिकलसेल हा विदर्भाला परका आजार नाही, हे आपण जाणताच. किमान शेकडा ४० दिव्यांगता असल्याचे प्रमाणपत्र असेल तरच बहुतेक सवलतींचे दार उघडते. जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे देशभर स्वावलंबन पोर्टलवरूनच दिली जातात. परंतु २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आढळले, की दिव्यांगांपैकी केवळ शेकडा २८.८ जणांकडे प्रमाणपत्र होते. म्हणजे शंभरांतील एकाहत्तर जण कागदोपत्री दिव्यांगच नव्हते. मानोऱ्याच्या तांड्यावरील किंवा रिसोड तालुक्यातील मजुराला तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर त्याची व सोबत्याची अशा दोघांची मजुरी बुडते. एका फेरीत काम न झाल्यास ती पुन्हा बुडते. प्रमाणपत्रांची संख्या कमी म्हणून तालुक्यात गरज कमी, असा अर्थ लावणे हा या माणसांवर दुहेरी अन्याय होय.

आकडा चुकला तर बिघडते काय, असे कोणी विचारील. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी राखावयाचा असतो. गावात किती व कोणत्या प्रकारचे दिव्यांग आहेत याची यादीच नसेल, तर तो निधी अखर्चित राहतो किंवा वर्षअखेरीस सर्वांना सरसकट एकच वस्तू वाटून संपवला जातो. ज्याला श्रवणयंत्र हवे त्याच्या हाती काठी येते. शाळेला विशेष शिक्षक, आरोग्य केंद्राला उतरंड, तालुक्याला भौतिकोपचार तज्ज्ञ हवा असेल, तर मागणीला संख्येचा आधार लागतो. २०१८ साली वाशिमची निवड देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली, तीही आकड्यांवरूनच. जे निर्देशांकात मोजले जाते त्याकडे प्रशासनाचे लक्ष जाते, हा अनुभव आपण घेतला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. विभाग झाला, आता त्याच्या हाती खरी यादी जावयास हवी.

यात आपल्यासारख्या रुग्णालयांचा वाटा मोठा आहे. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रात हात सापडलेले तरुण या भागातील प्रत्येक रुग्णालयाला परिचित आहेत. जखम भरते, टाके निघतात आणि रुग्ण घरी जातो. रुग्णालयाचे दप्तर उपचारासाठी आखलेले असल्याने त्यात ‘प्रकृतीत सुधारणा, घरी पाठविले’ अशी नोंद होते. वैद्यकदृष्ट्या ती योग्यच असते. परंतु त्याच दिवशी तो तरुण आयुष्याच्या एका नव्या अवस्थेत प्रवेश करीत असतो, आणि त्या अवस्थेची नोंद ठेवणारी वही कोणाकडेच नसते. पक्षाघाताचा, अपस्माराचा, कमी वजनाच्या नवजात बालकाचा प्रकारही असाच आहे. दिव्यांगता प्रथम दिसते ती रुग्णालयाच्या खाटेवर. शासनाच्या दप्तरी ती पोहोचते वर्षांनी, किंवा कधीच नाही.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे मी तीन नम्र प्रस्ताव ठेवतो. पहिला, रुग्णास घरी पाठविताना वर सांगितलेले सहा प्रश्न विचारून उत्तरे एका पानावर नोंदवावीत, आणि ते रुग्णाच्या वा पालकाच्या संमतीनेच. दुसरा, ज्यांना प्रमाणपत्र मिळू शकेल त्यांचा अर्ज पोर्टलवर भरून देणारा, कागदपत्रे पाहणारा व तपासणीची तारीख कळविणारा एक सहायक नेमावा. तिसरा, वर्षाच्या शेवटी नावे वगळून, गावनिहाय व प्रकारनिहाय गोषवारा तयार करून तो ग्रामपंचायतींना व जिल्हा प्रशासनाला सादर करावा. नाव हे रुग्णाचे आहे, संख्या समाजाची आहे. ही मर्यादा आपण काटेकोरपणे पाळू.

देणगीदारांना एक विनंती. क्ष-किरण यंत्रावर, खाटेवर, इमारतीच्या कोनशिलेवर दात्याचे नाव कोरता येते. एका लेखनिकाच्या वेतनावर व नोंदवहीच्या पानांवर ते कोरता येत नाही. तरीही या कामासाठी आपण हात सैल सोडावा. एका योग्य नोंदीमुळे एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षे मिळणारे साहाय्य हे कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे आहे.

आणि रुग्णांच्या नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ नंतर प्रथमच ही गणना होत आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा घरातील कोणाचीही दिव्यांगता झाकू नका. विशेषतः मुलींची व वृद्धांची झाकू नका. २०११ च्या मोजणीत दिव्यांगांमध्ये स्त्रियांचा वाटा शेकडा ४४ दिसला. त्यातील तूट किती खरी आणि किती संकोचाची, हे आपल्याच उत्तरांवरून कळेल. १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये आपण दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय राहते. ती कोणास पाहता येत नाही वा न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा चारचौघांत बोभाटा होईल ही भीती बाळगू नये.

संख्या म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. परंतु ज्यांचा आवाज ग्रामसभेपर्यंत, तहसीलपर्यंत वा मंत्रालयापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्या वतीने बोलणारी संख्या हीच अनेकदा एकमेव वकील असते. ती वकील सक्षम करणे आपल्या हाती आहे.