केबल वळते, केबल खेचते



२४ जानेवारी २०१६. दक्षिण हिंदी महासागरात बेपत्ता एमएच ३७० विमानाचा शोध चालू होता. 'फ्युग्रो डिस्कव्हरी' हे जहाज लांबलचक केबलला सोनार यंत्र बांधून ते समुद्रतळाच्या थोडं वरून ओढत होतं. वाटेत चिखलाचा ज्वालामुखी होता, तळापासून २२०० मीटर उंच. यंत्र त्यावर आदळलं, केबल तुटली आणि ४५०० मीटर केबलसकट यंत्र तळाला गेलं. पुढे ते वर काढलं म्हणा.

समोर डोंगर दिसला तर जहाज थांबवावं, असं आपल्याला वाटेल. नेमकं तेच करायचं नसतं! पतंगाच्या मांज्याला झोल पडतो, तशी ही केबल मागे तिरकी पसरलेली असते. पाण्याचा रोधच तिला तशी उचलून धरतो. वेग निम्मा केला की रोध चौथाईवर येतो आणि यंत्र आणखी खाली बसतं. जहाज वळलं तरी तेच. यंत्र आतल्या बाजूने जवळची वाट धरतं, ओढ कमी होते, खोली वाढते.

म्हणून आधी गणित करावं लागतं. १९६० साली वॉल्टन आणि पोलाचेक यांनी प्रसिद्ध केलेली रीत आजही चालते. केबलचे मनातल्या मनात तुकडे पाडायचे, वजन सांध्यांवर एकवटलंय असं धरायचं. मग प्रत्येक सांध्यावरचं वजन, पाण्याची उचल, दोन्हीकडचा ताण आणि रोध मांडून तो सांधा पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचं. रोधही दोन प्रकारचा. केबलवर आडवं येणारं पाणी जोरात अडवतं, लांबीवरून घसरणारं अगदी थोडं.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. जहाजाचा हिसका पोलादातून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने खाली पोचतो. जहाजाचं वळण मात्र केबलभर उतरायला बराच वेळ लागतो. हिसका पकडायचा तर संगणकाला सेकंदाचे बारीक बारीक भाग करावे लागतात आणि वळणाचा हिशेब तर तासांचा! म्हणून कित्येक जण केबल ताणाने लांबतच नाही असं धरून चालतात. वळणापुरतं ते ठीक आहे. खवळलेल्या समुद्रात मात्र ही सवलत घेऊ नये, असं माझं मत. लाटेबरोबर जहाजाची मागची बाजू खाली गेली की केबल सैल पडते, वर आली की एकदम ताठ होते. त्या क्षणीचा ताण नेहमीच्या कितीतरी पट असतो आणि न लांबणाऱ्या केबलच्या गणितात तो नीट उतरत नाही.