खाडीवरचा मोठा पाहुणा

मंडळी, थंडी पडली की आपल्या ठाण्याच्या खाडीवर पांढरे पक्षी येतात. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखालीही ते दिसतात. त्यांना कुरव म्हणतात. काही जण त्यांना बगळेच समजतात. पण बगळ्याचे पाय लांब, तो चिखलात उभा राहून मासा टिपतो. कुरवाचे पाय आखूड, बोटांमध्ये बदकासारखे पडदे. तो पाण्यावर तरंगतो.

आपल्याकडे दोन जातींचे कुरव पुष्कळ. एक काळ्या डोक्याचा, दुसरा तपकिरी डोक्याचा. नावावर मात्र जाऊ नका! थंडीत दोघांचीही डोकी पांढरी होतात. डोळ्यामागे काळा ठिपका तेवढा उरतो. मग ओळखायचे कसे? उडताना पंख बघा. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा आणि टोकाला फक्त काळी किनार, तर तो काळ्या डोक्याचा.

एका जानेवारीत आम्ही ऐरोलीच्या पुलाजवळ गेलो होतो. ओहोटी होती. चिखलावर कुरवांचा थवा बसला होता. त्यात एक वेगळाच दिसला. आम्ही घाईने म्हणालो, "पिल्लू असेल. पिल्लांचा रंग वेगळा असतो."

जवळच एक कोळीदादा जाळे आवरत होते. ते हसले. "अहो, बापाच्या दीडपट पोर कधी पाहिलंत काय?"

आम्ही ओशाळलो. दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. पक्षी घारीएवढा होता. चोच जाड, पिवळी, टोकाजवळ काळा पट्टा. डोळ्याभोवती काजळ फासल्यासारखा काळा डाग. पाय पिवळसर. मग शेपटी पाहिली. कुरवाच्या पिल्लाच्या शेपटीला काळा पट्टा असतो. याची शेपटी स्वच्छ पांढरी. म्हणजे हा पुरा वाढलेला!

तो पल्लासचा कुरव होता. पल्लास या जर्मन शास्त्रज्ञाने १७७३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. पंख पसरले की तो पाच फूट भरतो. लहान कुरव तीन-साडेतीन फूट. उन्हाळ्यात तो मध्य आशियातल्या तळ्यांकाठी अंडी घालतो. तेव्हा त्याचे डोके काळेभोर असते. आपल्या खाडीवर तो थोडाच दिसतो.

आम्ही वहीत तारीख, वेळ, चोच, पाय, शेपटी असे सगळे लिहिले. कोळीदादांनाही दुर्बीण दिली. त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, "हा येतो हो अधूनमधून. नाव आज कळलं."

भरतीचे पाणी चिखलावर चढू लागले, तसा तो उठला आणि वाशीच्या बाजूला गेला.