घाटावरून दर्यापर्यंत, आपल्या गाडीनं

आज आम्ही बोलणार आहोत एका प्रवासाबद्दल आणि त्यासाठी ठरवलेल्या गाडीबद्दल.

आम्ही महाबळेश्वरच्या बाजूच्या. आमच्यातल्या निम्म्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात, निम्म्या हॉटेलात चादरी धुवायला. पर्यटकांच्या गाड्या वर्षाचे बारा महिने आमच्या दारावरून जातात. "इथून समुद्र किती लांब?" असं ते विचारतात आणि आम्ही हातानं पश्चिमेला दाखवतो. पण गटातल्या दहाजणींपैकी सातजणींनी समुद्र पाहिलेला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर, फळाचा तोडा जोरात लागायच्या आधी, आमच्यातल्या सहाजणी हरिहरेश्वरला जाऊन आलो.

पहिला प्रश्न घरातूनच आला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, मग गाडी कशाला? प्रश्न खरा आहे, आणि जिथं थेट एसटी मिळते तिथं एसटीनंच जावं असं आमचंही मत आहे. पण आमच्यात दोघींचे गुडघे गेलेले, एकीला बीपी. तीन ठिकाणी गाडी बदलायची, फाट्यावर ताटकळायचं, आणि मधे कुठं थांबावंसं वाटलं तर थांबता येत नाही. हा थांबायचा मुद्दा आमच्यासाठी मोठा होता. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता प्रवास करायची सवय तुम्हालाही असेल. आम्ही ठरवलं होतं की या वेळी पाणी पिऊन निघायचं.

पैसे गटाच्या बचतीतले घेतले नाहीत. आठवड्याला प्रत्येकी ३० रुपये वेगळ्या डब्यात टाकले. वर्षाचे झाले १५६० रुपये, सहाजणींचे ९३६०. त्यात सगळं बसवायचं होतं.

आता गाडी ठरवण्याचं सांगतो, कारण इथंच बायका फसतात. लांबचं भाडं दोन तऱ्हेनं सांगतात. एक किलोमीटरवर. त्यात खुबी अशी, की गाडी कमी फिरली तरी दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर किमान धरतात. आमचा रस्ता एका बाजूनं दीडशेच्या आसपास. मुक्काम केला की दोन दिवस, म्हणजे न फिरलेल्या किलोमीटरचेही पैसे. आणि नुसतं सोडून ये म्हटलं, तरी रिकामी गाडी परत येण्याचं भाडं बहुतेक जण लावतातच. दुसरी तऱ्हा उक्ती. जाणं, मुक्काम, येणं, सगळं मिळून एक आकडा. आम्ही तीन ठिकाणी विचारलं आणि ६५०० ला उक्तं ठरवलं. त्यात डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याचं जेवण धरलेलं. फेरीबोटीचं तिकीट आणि पार्किंग आमचं. हे सगळं कागदावर लिहून घेतलं, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईलही. दोन हजार आगाऊ दिले, बाकीचे घरी परत आल्यावर.

नंबरची पाटी कुठल्या रंगाची, तेही बघून घ्या. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळे आकडे असतात. बॅटरीवरची असेल तर हिरवी पाटी, पिवळे आकडे. पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची. ती भाड्यानं घेतली आणि काही अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. ओळखीतला पोरगा स्वस्तात नेतो म्हणाला होता, त्याला आम्ही नाही म्हटलं. थोडा रुसवा झाला, पण होऊ दे.

आणि माणसं किती? सात सीटची गाडी म्हणजे ड्रायव्हर धरून सात. गाडीवालाच म्हणाला, "मावशी, आठ-नऊ आरामात बसतात." बसतात, आम्हालाही माहीत आहे. शेतमजुरीला जाताना आपण जीपमधे किती बसतो ते काय सांगायचं. पण घाट उतरायचा होता. चिठ्ठ्या टाकल्या आणि सहाजणींची नावं निघाली.

आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरायचं म्हणजे साधारण ४० किलोमीटर. वर साडेचार हजार फुटांची उंची, आणि खाली पोहोचलं की जवळजवळ समुद्रसपाटी. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस याच घाटात दरीत गेली आणि एकच माणूस वाचला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा रस्ताच जागोजागी तुटला, आणि खाली महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. म्हणून पावसाळ्यात या वाटेनं हौसेसाठी जाऊ नये असं आम्हाला वाटतं. दिवाळीनंतर जावं आणि उजेडात जावं.

सकाळी सहाला निघालो. अंगावर शाली, कानाला मफलर. डाव्या-उजव्या अंगाला दाट झाडी आणि खाली धुक्यानं भरलेल्या दऱ्या. वाडा कुंभरोशीजवळ प्रतापगड दिसायला लागला. १० नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली ती याच्या पायथ्याशी. आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या काळी मीठ आणि सुकी मासळी पार घाटानं बैलांवर लादून वर यायची. हे आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. गाडीत सहाजणी निवांत बसल्या की अशा गोष्टी निघतात, एसटीच्या गर्दीत निघत नाहीत.

मग उतार लागला. दोन-तीन वळणं गेली आणि गाडीचा आवाज एकदम बारीक झाला. आमच्यातल्या एकीचा मुलगा टेम्पो चालवतो, तिच्या लगेच ध्यानात आलं. ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली होती. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागत नाहीत. ज्या गिअरमधे घाट चढतो त्याच गिअरमधे उतरायचं, असं जुने ड्रायव्हर सांगतात.

ती बोलावं की नाही या विचारात पडली. आम्ही सगळ्याच पडलो. पोरगा आमच्या मुलांच्या वयाचा, पण स्टिअरिंग त्याच्या हातात. बाईमाणसानं गाडीबद्दल बोललं की हसतात, हा अनुभव प्रत्येकीचा. शेवटी काकीच म्हणाल्या, "बाळा, जरा कडेला घे." गाडी थांबली. काकी म्हणाल्या, "डिझेल किती वाचतंय ते सांग, आम्ही देतो. पण गाडी गिअरात चालव." तो ओशाळला, म्हणाला, "सवय आहे, आजी." त्यानंतर पूर्ण घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे उतरला. समोरून चढणारी गाडी आली की स्वतः थांबून तिला आधी वाट देत होता. नियमही तोच आहे, चढणाऱ्याला आधी वाट. राग न धरता चालवली, हेही सांगायला हवं.

गाडी लागते ना अनेकींना? ज्यांना लागते त्यांनी पुढं बसावं, काच थोडी खाली ठेवावी, लांब रस्त्याकडं बघावं आणि मोबाईलमधे डोकं घालू नये. रिकाम्या पोटी निघू नये, तेलकट खाऊनही निघू नये. गोळी घ्यायची तर तासभर आधी. बीपीचं नाहीतर दुसरं औषध चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आरोग्य केंद्रात विचारूनच. आमच्या दोघींना उलटी झाली. पिशव्या होत्या, थांबता आलं, तोंड धुता आलं, पुढं निघालो. कानाला दडे बसतात त्याला आवंढा गिळावा नाहीतर पेपरमिंट चघळावी.

पोलादपूरला शाली उतरल्या. हवाच बदलते, अंगाला घाम येतो. आणि तिथं सावित्री भेटते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात आपण जिच्या धारेला हात लावतो, तीच ही. कृष्णा, वेण्णा, कोयना आपल्या अंगणातून निघून पूर्वेकडं लांब जातात. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरते आणि थोडक्यात समुद्र गाठते. पुढचा सगळा प्रवास मग तिच्याच सोबतीनं झाला.

महाडला चवदार तळ्यापाशी थांबलो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या परिषदेला बायकाही आल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले होते. आमच्यात दोघी बौद्धवाडीतल्या आहेत. त्यांनी हात जोडले, मग आम्ही सगळ्यांनीच जोडले. महाडजवळच २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. तिथं आता नवा पूल आहे. त्याच्यावरून जाताना कुणी काही बोललं नाही.

टोळ फाट्यावरून आंबेतला वळलो. पेट्रोल पंपावर डिझेल भरायला लावलं ते मुद्दाम. पंपावर गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह असलं पाहिजे. "कुलूप आहे, किल्ली नाही" असं उत्तर आलं. आम्ही तिथंच उभ्या राहिलो. पाच मिनिटांत किल्ली सापडली.

आंबेतचा पूल ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. इथं नदीची खाडी झालेली, रुंद, मळकट. काकींनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, पाणी उलटं चाललंय." भरती होती, पाणी समुद्राकडून आत येत होतं. जन्मभर नदीवर धुणं धुतलेल्या बाईला नदी उलटी वाहताना दिसली, तर ती किती वेळ बघेल? आम्ही तिथं अर्धा तास होतो. ड्रायव्हरनं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

मंडणगड करून वेसवीला आलो. तिथं गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडं बागमांडल्याला, म्हणजे परत रायगड जिल्ह्यात उतरायचं. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचाराव्यात, शेवटची बोट चुकली तर फार मोठा वळसा पडतो. पाण्यावर असताना डाव्या हाताला बाणकोट आणि समोर खाडीचं तोंड, आणि त्यापलीकडं नुसतं पाणी. कुणी ओरडलं नाही, कुणी फोटो काढला नाही. एकजण पदरानं डोळे पुसत होती, ते वाऱ्यानं की कशानं, आम्ही विचारलं नाही.

हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे. भरतीच्या वेळी त्या वाटेनं कधी जाऊ नका, लाट ओढून नेते. गावातल्या माणसांना ओहोटीची वेळ विचारा. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. एका घरी मुक्काम केला, सहाजणींचे २००० रुपये. पहिल्या दिवशीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरची. सकाळी अकरालाच निघालो, म्हणजे घाट उजेडात चढता येईल. बोट, पार्किंग, चहा आणि श्रीवर्धनची थोडी सुपारी मिळून ८६० रुपये झाले. डबा रिकामा, उधारी नाही.

राहिलेल्या चौघींना शेजारच्या गटातल्या दोघी मिळाल्या आहेत आणि त्यांचा डबा सुरू झालाय. त्यांना तोच ड्रायव्हर हवाय. ज्या गटांना गाडी ठरवायची आहे त्यांच्यासाठी आम्ही लिहून घेतलेला कागद रेडिओ केंद्रावर ठेवला आहे. येऊन उतरवून घ्या. आणि मोबाईलमधे हे तीन नंबर आजच घालून ठेवा: मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर १०३३.