वंशावळ, सह्याद्री आणि गणित
(ज्ञातिसंघाच्या रेवदंडा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा ‘निरनिराळ्या प्रदेशांत जाती कशा वाढतात व त्याचे गणित’ असे आम्ही कळविले. चिटणीसांनी त्यातील ‘जाती’ हा शब्द वाचून आम्हांस दोनदा पृच्छा केली. आम्ही बोलणार आहोत ते गोमी आणि झाडे यांच्या जातींविषयी, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तथापि प्रारंभ मात्र घरच्या वंशावळीपासूनच करावा लागेल, कारण हे गणित आम्हांस प्रथम समजले ते तेथेच झालेल्या एका चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराण्याची वंशावळ आम्ही स्वतः सिद्ध करून छापून घेतली. घराणे मूळचे रेवदंड्याचे, असे तीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले. आधार एवढाच की आज आमची सहा घरे येथे आहेत, आणि कुंडलिकेच्या पलीकडे एका गावी अवघे एक. जेथे घरे अधिक तेथे मूळ, असा आमचा हिशेब. पुस्तिका वाटून झाल्यावर आमच्या आत्याबाईंनी ती वाचली आणि एवढेच विचारले, “पलीकडची बाकीची घरे कुठे गेली?” मग आजीकडून ऐकलेले त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. पलीकडे पूर्वी पाच घरे होती. दोन १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बसली. एकाचा वंश खुंटला. एक गिरणीच्या नोकरीपायी मुंबईस गेले ते परतलेच नाही. उरले एक. आणि रेवदंड्याची सहाही घरे त्या उरलेल्या घरातून तरीने खाडी ओलांडून आलेल्या दोघा भावांची! ज्यांनी ही चूक दाखविली त्या आत्याबाईंचे नाव आमच्या पुस्तिकेत नव्हते. मुलगी परघरी गेली की तिची रेघ आम्ही तेथेच थांबविली होती.

वंशावळीत राहतात ती उरलेली माणसे. एखाद्या गावी घरे पुष्कळ दिसली, तर तेथे शाखा अधिक फुटल्या असतील, किंवा कमी खुंटल्या असतील, किंवा बाहेरून अधिक आल्या असतील. आजची शिरगणती तिन्हींपैकी खरे कोणते ते सांगत नाही.

आडनावे खुंटण्याचा प्रश्न इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली गणितज्ञांपुढे ठेविला. (गाल्टन यांची वंशश्रेष्ठत्वाविषयीची मते आज कोणी शहाणा मनुष्य मान्य करणार नाही, प्रश्न मात्र खरा होता.) रेव्हरंड वॉटसन यांनी तो सोडवू पाहिला व १८७४ साली दोघांनी मिळून निबंध लिहिला. प्रत्येक आडनाव कधी ना कधी नष्ट होणारच, असे वॉटसन यांचे उत्तर निघाले. ते सर्वस्वी बरोबर नव्हते. दर पुरुषामागे सरासरीने एकाहून अधिक मुलगे होत असतील, तर आडनाव टिकण्याचाही काही संभव असतो. परंतु ती सरासरी एकाहून थोडीच अधिक असेल, तर बहुतेक आडनावे लोप पावतात आणि उरलेली थोडी सर्वत्र पसरतात. यात कोणाचे पुण्य वा पराक्रम नसतो.

हाच विचार सजीवांच्या जातींना लागू झाला. सिलोनातील पेरादेनिया येथील वनस्पति-उद्यानाचे संचालक राहिलेले जे. सी. विलिस यांनी १९२२ साली प्रतिपादिले की ज्या जातीचा पसारा मोठा ती वयानेही मोठी. आमच्या पुस्तिकेची चूक ती हीच, आणि विलिस यांच्यावरही त्या काळी पुष्कळ टीका झाली! तथापि त्यांच्या आकड्यांवरून १९२५ साली उडनी यूल यांनी जातींना शाखा फुटण्याचे गणित मांडले. डेव्हिड केंडॉल यांनी १९४८ साली जन्म आणि मरण ही दोन्ही एकत्र धरून व्यापक समीकरणे दिली. तिसरी गोष्ट, म्हणजे खाडी ओलांडणे, अद्याप बाहेरच होती.

ती २०११ साली एमा गोल्डबर्ग, लेस्ली लँकेस्टर आणि रिचर्ड री यांनी आत आणली. त्यांची रीत आपल्या कुंडलिकेवर बसवून पाहू. अलीकडच्या तीरी शाखा फुटण्याचा एक वेग, पलीकडच्या तीरी दुसरा. दोन्ही तीरांवर पसरलेली शाखा दुभंगून दोन होण्याचा तिसरा. प्रत्येक तीरी निर्वंश होण्याचे दोन, आणि इकडून तिकडे व तिकडून इकडे पसरण्याचे दोन. एकूण सात आकडे. सजीवांच्या डीएनएची तुलना करून कोण कोणापासून केव्हा फुटले याचा वंशवृक्ष आधी काढतात. मग संगणक या सात आकड्यांच्या असंख्य जुळण्या करून पाहतो, आणि ज्या जुळणीतून आपल्या हाती असलेला वृक्ष उत्पन्न होण्याचा संभव सर्वाधिक, ती निवडतो. एखादी शाखा काही खूण न ठेवता खुंटली असण्याचा संभवही त्या हिशेबात धरलेला असतो. आत्याबाईंचा प्रश्न गणितात असा शिरला.

आता आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाकडे या. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतून लाव्हाचे लोट थरांवर थर असे वाहिले. आजही त्यांचे आच्छादन सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटरांवर आहे. आपले कोकण व त्यामागचा सह्याद्री त्याच खडकाचा. दक्षिणेस बेळगावच्या आसपास तो संपतो. केरळ-तमिळनाडूकडील घाट त्याखाली आलाच नाही. तेव्हा उत्तरेकडील ओल्या रानातले जीव गेले कोठे, आणि आज येथे आहेत ते आले कोठून?

बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जाह्नवी जोशी व प्रवीण कारंथ यांनी याचे उत्तर गोमींच्या एका कुळात शोधले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. ‘डिजिटिपिस’ नावाच्या या गोमी ओल्या रानातल्या दगडांखाली, कुजलेल्या पानांत राहतात. कोरड्या माळावरून त्यांना सहजी जाता येत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून त्या उत्तम. त्यांच्या वंशवृक्षावर कमीत कमी स्थलांतरे मानून हिशेब केला, तेव्हा तेरा स्थलांतरे निघाली. त्यांपैकी दोन फार जुनी, लाव्हा शांत झाल्यानंतर लवकरच दक्षिणेकडून मध्य व उत्तर सह्याद्रीकडे झालेली. उरलेल्या अकरांपैकी नऊ दक्षिणेकडूनच निघालेली. अर्थात आगीच्या काळात दक्षिणेचे डोंगर हे आश्रयस्थान असावे. संशोधकांनी ‘असावे’ असेच म्हटले आहे आणि आम्हीही तेवढेच म्हणतो. वृक्षांच्या बाबतीत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण सह्याद्रीत जुने वंशही टिकलेले आणि नवेही फुटलेले आढळले. म्हणजे तो भाग कोठारही आहे आणि पाळणाही.

गोमींच्या अभ्यासात ती सात आकड्यांची रीत वापरलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. त्या रीतीला पुष्कळ जाती लागतात. तिच्याच घराण्यातील एका रीतीची २०१३ साली परीक्षा झाली, तेव्हा सुमारे तीनशेहून कमी जातींच्या वृक्षावर तिचे निष्कर्ष दुबळे ठरतात असे दिसले. २०१५ साली तर असेही दिसले की ज्या लक्षणांचा शाखा फुटण्याशी काडीइतका संबंध नाही, तीही या रीतीत सहज कारणे म्हणून पुढे येतात. आणि २०२० साली लूका व पेनेल यांनी अधिकच मूळ प्रश्न उपस्थित केला. समजा, एका प्रदेशात दर युगास दहा शाखा फुटतात व नऊ खुंटतात, आणि दुसऱ्यात दोन फुटतात व एक खुंटते. भर दोहोंकडे एकाचीच. हे वेग कायम राहिले, तर अगदी अलीकडच्या डहाळ्यांच्या गर्दीवरून दोहोंतला भेद ओळखता येतो. परंतु वेग काळाबरोबर बदलू लागले, की केवळ जिवंत जातींच्या वृक्षाशी तितक्याच चांगल्या जुळणाऱ्या कथा अगणित निघतात. तेव्हा जीवाश्म हवेत, खडकांची साक्ष हवी. दगड झालेली गोम मिळणे किती दुर्मिळ, हे काय सांगावे!

म्हणून आम्हांस या गणिताचा मोठेपणा त्याच्या उत्तरांत दिसत नाही. उरलेल्यांकडे पाहताना गेलेल्यांना मोजावयास लावते, हे त्याचे काम आम्ही मोठे मानतो. आमच्या घराण्यापुरते म्हणाल, तर जीवाश्मांची जागा आत्याबाईंनी भरून काढली. आणखी दहा वर्षे आम्ही विचारले नसते, तर रेवदंडा हेच मूळ असे आमची नातवंडे शपथेवर सांगती.

संघाच्या नव्या वंशावळीच्या कामी मंडळाने आमच्या विनंतीवरून नोंदपत्रात दोन रकाने वाढविले आहेत. एक बसलेल्या घरांचा, त्यांचे गाव आणि ते बसले ते साल ठाऊक असेल तर ते. दुसरा लेकींचा, त्या दिल्या त्या गावासह. पत्रे मांडवाच्या दाराशी ठेविली आहेत. आज वृद्ध मंडळी पुष्कळ आली आहेत. भोजनाची पंगत बसण्यास अद्याप अवकाश आहे, तेवढ्यात त्यांच्यापाशी बसून ती भरून घ्यावी, आणि पेन्सिलीने भरली तरी चालेल.