यादीत नाव आहे का?



२६ एप्रिल २०२४ ला परभणीत लोकसभेचं मतदान झालं. टपाली मताची सोय सैनिकांना होती, निवडणूक ड्युटीवरच्यांना होती, ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना होती. पोटासाठी पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांना नव्हती. गंगाखेडचा ऊसतोड कामगार असो की पाथरीचा गवंडी, हा अन्याय सगळ्यांवर सारखाच आहे. म्हणून ही मागणीही सगळ्यांनी मिळून करायची.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. नवं नाव घालायला फॉर्म ६. पत्ता किंवा चूक दुरुस्त करायला फॉर्म ८. अम्मीचं नाव आधारवर एक आणि यादीत दुसरं असेल, तर आजच दुरुस्त करा. फॉर्म ७ नाव वगळण्याचा. ‘हा इथं राहत नाही’ म्हणून कुणी तो भरला, तर घाबरू नका. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. निकाल पटला नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

नोटीस आली आणि घराला कुलूप असलं, तर हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून परगावी गेलेल्या शेजाऱ्याचंही नाव तपासा, मग तो कुठल्याही समाजाचा असो. १९५० ला फोन लावा, बीएलओला भेटा.