साऱ्या शिवाराचं एक वेळापत्रक



आज सुरुवात चहानं करतो. आजारातून उठलेल्या माणसाला भाजलेल्या तांदळाची पेज देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इंडोनेशियातल्या बाली बेटावर जतीलुविह गावात लाल तांदूळ असाच भाजून त्याचा चहा करतात. त्यात पत्ती नसते. बिनतेलाच्या कढईत मंद आचेवर तांदूळ गडद तपकिरी होईतो परतायचा आणि गार झाला की डब्यात भरायचा. दोन चमचे तांदळावर कपभर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं, मग गाळायचं. घरी करून पाहा, साखरेवाचूनही गोड लागतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या भातशेतीबद्दल. तिथं डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आहेत. एका पाटावरच्या शेतकऱ्यांची मिळून एक मंडळी असते, तिला ‘सुबक’ म्हणतात. पाणी कोणाला कधी, लावणी कधी, शिवार मोकळं कधी, हे ती मंडळी ठरवते. १९७० नंतर सरकारनं नवे वाण दिले आणि जमेल तितक्या वेळा भात घ्या म्हणून सांगितलं. जो तो आपल्या सवडीनं लावणी करू लागला. वर्षभर कुठं ना कुठं हिरवं भात उभं, मग तुडतुडे आणि उंदीर माजले. फवारण्यांनी आवरेनात. सारं शिवार एकदम मोकळं राहिलं तर किडीला खायला काही उरत नाही, हे पुढं स्टीफन लान्सिंग या अमेरिकी संशोधकानं दाखवून दिलं. चुकीचा सल्ला आमच्यासारख्याच शेतीखात्याच्या माणसांनी दिला होता, हेही सांगायला हवं.

हे परमुलखातलं झालं म्हणाल, तर आपल्या धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकऱ्यानं द्यायचं. ज्यानं त्यानं आपलं दार उघडायचं नाही.

आता धारूरचं. इथं वाहता पाट नाही, भातखाचरं नाहीत. आपल्या बालाघाटात कापूस आहे. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण विसरलेलो नाही. ही अळी बोंडात शिरते, तिथं फवारा पोचत नाही. हंगाम संपला की ती सरकीत आणि वाळक्या बोंडांत पडून राहते. तुम्ही डिसेंबरात शेत मोकळं केलंत आणि शेजाऱ्यानं चार वेचण्यांच्या आशेनं फरदड ठेवली, तर तुमची मेहनत वाया गेली. पतंगाला बांध कळत नाही.

म्हणून गावानं बसून दोन तारखा ठरवाव्यात. एक पेरणीची. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय, मेमध्ये घाईनं कोणी लावण करायची नाही. दुसरी शेवटच्या वेचणीची, डिसेंबरअखेर. त्यानंतर शेळ्यामेंढ्या सोडाव्यात, पऱ्हाट्या उपटून बारीक कराव्यात. जळणासाठी बांधावर त्यांची गंजी लावू नये. मधल्या काळात एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले की सहायक कृषी अधिकाऱ्याला कळवावं.

फरदडीवर ज्याचं खरंच भागतं, त्या माणसाला बैठकीत आधी बोलू द्या. तिथं हरभऱ्याचं बियाणं देऊन वाट निघते का, हे गावानंच पाहायचं आहे. बैठक पोळ्याच्या आत झाली तर बरं.